वेब फ्रेमवर्कचे अद्ययावतीकरण

वेब फ्रेमवर्क ही संकेतस्थळाच्या उभारणीसाठी वापरली जाणारी, तयार आज्ञावलींची चौकट होय. सदस्यांचा प्रवेश, अर्जांची तपासणी, माहितीची साठवण इत्यादी नित्याची कामे ती पार पाडते. संकेतस्थळ तिच्यावर विसंबून असल्यामुळे तिची नवी आवृत्ती केव्हा स्वीकारावी, हा देखभालीतील महत्त्वाचा निर्णय ठरतो.

आवृत्तिक्रमांक

अनेक फ्रेमवर्कांच्या आवृत्तिक्रमांकाचे तीन भाग असतात. शेवटचा भाग बदलल्यास सहसा केवळ दोषदुरुस्ती झालेली असते. मधला बदलल्यास नव्या सोयींची भर पडते. पहिला बदलल्यास जुन्या आज्ञा रद्द झालेल्या असू शकतात आणि संकेतस्थळाच्या मूळ आज्ञावलीतही फेरफार करावे लागतात.

निर्णयाचे निकष

सुरक्षाविषयक दुरुस्ती विनाविलंब स्वीकारणे आवश्यक मानले जाते. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या फ्रेमवर्कमधील गंभीर त्रुटीवर दुरुस्ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या एका संकेतस्थळावर ती बसवली गेली नाही. मे महिन्यापासून हल्लेखोरांनी त्याच वाटेने सुमारे १४.७ कोटी व्यक्तींची माहिती चोरली.

मोठ्या बदलाची आवृत्ती मात्र नियोजनपूर्वक स्वीकारतात. त्यासाठी चालू आवृत्तीला मिळणाऱ्या सुरक्षा-पाठबळाची मुदत पाहतात. उदाहरणार्थ, एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या जँगो ४.२ या दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीची मुदत एप्रिल २०२६ पर्यंत ठरविण्यात आली होती. अशा मुदतीपूर्वी संकेतस्थळाच्या प्रतिकृतीवर नवी आवृत्ती बसवून चाचणी घेतात, माहितीची राखीव प्रत ठेवतात आणि मगच प्रत्यक्ष बदल करतात. मुदत उलटल्यावर सापडलेल्या त्रुटींना सहसा अधिकृत दुरुस्ती मिळत नाही. शिवाय अनेक आवृत्त्या मागे पडल्यास काम वाढत जाते.

निर्णयाची जबाबदारी

बुलढाणा जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ, महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांप्रमाणेच, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या सामायिक व्यवस्थेवर आधारलेले आहे. अशा व्यवस्थेत जिल्हा प्रशासन मजकूर सांभाळते, तर मूळ चौकटीची देखभाल केंद्रीय पातळीवर होते. याउलट एखादी शाळा, ग्रामपंचायत किंवा पतसंस्था स्वतंत्र संकेतस्थळ तयार करवून घेते, तेव्हा हा निर्णय तिच्यावरच येतो. उभारणीच्या करारात पुढील देखभालीची तरतूद नसल्यास संकेतस्थळ वरकरणी सुरळीत चालत राहते. परंतु त्यातील सभासदांची वा विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित होत जाते.