एक टेराबाइटातले 69 जीबी कुठे गेले?

एक टेराबाइटची नवी हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की पडद्यावर आकडा दिसतो 931 जीबी. खोक्यावर तर हजार जीबीचा वायदा. उरलेले 69 जीबी ‘सिस्टिम फाइल्सनी खाल्ले’ असं सांगून दुकानदार मोकळा होतो. गिऱ्हाइकाला मात्र आपण फसलो असं वाटत राहतं. दोघांचंही चुकतं. डिस्कवर एक बाइटही कमी नसतो. खोका खरं बोलतो. घोळ आहे तो विंडोजच्या मोजणीत.

शून्य किंवा एक, एवढंच धरून ठेवणारी जागा म्हणजे बिट, आणि आठ बिट मिळून एक बाइट. (यूटीएफ-8 पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या ‘क’ला तीन लागतात!) किलो म्हणजे हजार, हे किराणा दुकानातही ठाऊक असतं. पण रॅममधल्या प्रत्येक जागेचा पत्ता बिटांनीच लिहावा लागतो, आणि दहा बिटांत बरोबर 1,024 पत्ते बसतात. हा आकडा हजाराच्या इतका जवळचा, की संगणकवाल्यांनी त्यालाच ‘किलो’ म्हणून टाकलं. तिथे फरक होता 2.4 टक्के, कोण लक्ष देतो? पण प्रत्येक पायरीला तो वाढत जातो: गिगापाशी 7.4 टक्के, टेरापाशी जवळजवळ 10. विंडोजचा एक जीबी 1,07,37,41,824 बाइटांचा असतो. डिस्कवरच्या एक लाख कोटी बाइटांना त्याने भागलं की 931 येतात. चाळीस गुंठ्यांचा एक एकर झाला म्हणून शेत आकसत नाही, तसंच हे.

मग कंपन्यांनी मोठा दिसणारा आकडाच का निवडला? तो त्यांच्या सोयीचा आहे, हे कबूलच. अमेरिकेत ग्राहक यावरून कोर्टात गेले आणि 2006मध्ये डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलने बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट देऊन तडजोड केली. तरीही डिस्कला रॅमसारखं 1,024च्या पटीतच असण्याचं बंधन नाही, आणि मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत गिगा म्हणजे शंभर कोटीच. 1,024च्या हिशोबासाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं 1998मध्येच ठरली. अॅपलने 2009पासून मॅकवर हजाराची मोजणी स्वीकारली, म्हणून तीच डिस्क तिथे एक टेराबाइटचीच दिसते. विंडोज मात्र मोजतं गिबीत आणि लिहितं जीबी. जुन्या फ्लॉपीचा 1.44 एमबी तर त्याहून विचित्र: त्यात मेगा म्हणजे हजार गुणिले 1,024! मोबाइलचं प्रकरण थोडं निराळं आहे. 128 जीबीच्या फोनमधली बरीच जागा फोनची स्वतःची यंत्रणा खरोखरच व्यापते, म्हणजे तिथे दुकानदाराचं उत्तर निदान अर्धं तरी बरोबर ठरतं.

खात्री करायची असेल तर विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. जीबीच्या आकड्याशेजारीच एकूण बाइटही लिहिलेले असतात. ते एक लाख कोटींच्या आसपास भरले, तर डिस्क परत करायला जाऊ नका.