घराची विक्रीपूर्व पाहणी : ओल आधी, रंग नंतर

घर विकायला काढले की आपल्याकडे सर्वांत आधी रंगाऱ्याला बोलावणे जाते. आमच्या मते त्याला सर्वांत शेवटी बोलवावे. आज घर घेणारा एकटा येत नाही. सोबत ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर, निदान जुना जाणता मिस्त्री तरी असतो. बँकेचे कर्ज काढणारा असेल तर बँकेचा मूल्यमापकही येऊन जातो. ही मंडळी रंग पाहत नाहीत. भिंतीवर टकटक करून गिलावा पोकळ वाजतो का ते ऐकतात, मोरीच्या मागच्या भिंतीला हात लावतात, माळ्यावर चढतात. साऱ्या जुन्या भिंतीत एकच पट्टा ताजा रंगवलेला दिसला की त्यांचे लक्ष तिथेच जाते.

मदीनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या व्यापारी बांधवांना ठाऊक आहेच. सहीह मुस्लिममध्ये ती आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण (स.) विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. गळक्या गच्चीखाली पांढरा रंग मारणे आणि भिजलेल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणे यांत आम्हाला काही फरक दिसत नाही. फिकहमध्ये माल घेतल्यानंतर जुना दोष उघडकीस आला तर खरेदीदाराला व्यवहार परत फिरवण्याचा अधिकार आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे.

तेव्हा सुरुवात पाण्यापासून करावी. गच्चीवरची पाने, माती काढून पन्हळी मोकळ्या कराव्यात. कोब्याला भेगा असतील तर काम उन्हाळ्यातच उरकावे. काम झाल्यावर स्लॅब धड असेल तर गच्चीच्या तोट्या बंद करून इंचभर पाणी दोन दिवस तुंबवावे व खालून छत पाहावे. डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असे नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत दुसऱ्याच खोलीत उतरते. भिंतीला लोणा लागला असेल तर आधी पाणी कुठून येते ते शोधून बंद करावे, गिलावा खरवडून नवा करावा, तो पुरता वाळू द्यावा, मग रंग. ओल्यावर मारलेला रंग पहिल्याच पावसात फुगतो.

चिरांना सरसकट घाबरण्याचे कारण नाही. गिलाव्यावरची केसाएवढी चीर बहुतेक घरांत असते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली व रुंदावत जाणारी चीर, किंवा खांब-तुळईच्या कडेने लांबणारी व गंजाचा तांबूस डाग असलेली चीर मात्र इंजिनिअरला दाखवावी. अशी चीर पुट्टीने बुजवू नये, कारण आत सळया गंजत असतात. शंका असेल तर चिरेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटवून तारीख लिहून ठेवावी. काच तडकली तर चीर अजून वाढते आहे. लाकडी वासे व चौकटी टोचून पाहाव्यात, वाळवी आतून पोखरते.

मालेगाव-भिवंडीकडे पुढे माग व मागे बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ. मागाच्या हादऱ्यांनी भिंती सैल होतात, जमिनीत तेल मुरते, वायरिंगवर भार पडतो. माग हलवल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर नुसती फरशी टाकण्याआधी पाया खचला आहे का ते पाहावे. शिवणकाम, बेकरी, सुतारकाम घरातच चालत असेल तर विजेची जोडणी कोणत्या वापराची आहे, थकबाकी आहे का, हेही पाहणारा विचारणारच. अर्थिंग तपासून घ्यावे, आणि फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळलेली असेल तर ती काढून योग्य क्षमतेची घालावी. पाहणी असो वा नसो, ते आगीला निमंत्रण आहे.

कोकणातील बंद घरांची अडचण निराळी. मालक मुंबईत किंवा आखाती देशात. घर वर्षातून पंधरा दिवस उघडते. मोरीच्या जाळीखालचे पाणी सुकून गटाराचा वास घरात येतो आणि पाहणारा समजतो की नळ-गटारच बिघडले. आठवडाभर आधी घर उघडून प्रत्येक मोरीत, संडासात पाणी ओतावे, कौले फेरून घ्यावीत.

भिंतींइतकीच कागदांची पाहणी होते, आणि आपल्याकडे व्यवहार अडतो तो बहुधा इथे. घर अजून आजोबांच्या नावावर, विकणारे दोन नातू. शरियतप्रमाणे आत्या आणि बहिणी यांचाही हिस्सा त्यात ठरलेला आहे. एक वारस फक्त आपलाच हिस्सा विकू शकतो. त्यांचे हिस्से न देता घर विकणे हा भिंतीतल्या ओलीपेक्षा मोठा दोष, आणि तो रंगानेही झाकत नाही. वारस नोंद आधी करून घ्यावी. मालमत्ता पत्रक किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, खरेदीखत, घरपट्टी व पाणीपट्टीच्या पावत्या, बांधकाम परवानगी, सोसायटीत फ्लॅट असेल तर ना-हरकत पत्र व इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल एका फाइलीत ठेवावा.

दोष सांगितला तर भाव पडेल, अशी भीती असते. पडतो, पण दुरुस्तीच्या खर्चाइतका. मिस्त्रीकडून लेखी अंदाज घेऊन तो समोर ठेवला तर बोलणे त्या आकड्याभोवती राहते. इसार झाल्यावर तोच दोष खरेदीदाराच्या इंजिनिअरला सापडला तर तो सगळ्याच घराकडे संशयाने पाहतो, आणि मग आकडा तो ठरवतो.

पाहणीची वेळ सकाळची द्यावी, उजेड चांगला असतो. जुम्याच्या दिवशी नमाजच्या घाईत बोलावू नये. घरातील महिलांना वेळ आधी सांगावी, म्हणजे एकही खोली बंद ठेवावी लागणार नाही. भिंतीला टेकलेली कपाटे हातभर पुढे ओढावीत, माळ्यावरचे सामान बाजूला सारावे, शिडी व सगळ्या किल्ल्या तयार ठेवाव्यात, पाण्याची टाकी भरलेली असावी. दुरुस्त झालेल्या व राहिलेल्या दोषांची यादी लिहून तिच्या दोन प्रती काढाव्यात. एकीवर पाहणाऱ्याची तारखेसह सही घेऊन ती आपल्याकडे ठेवावी.