तळ्याकाठची गावे आणि त्यांची नावे

पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळची गोष्ट. अर्जावर मी गावाचे नाव लिहिले आणि त्यापुढे, सवयीने, टोल्याचेही नाव लिहिले : ढिवरटोला. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एकाने ते वाचले आणि हसून म्हणाला, "म्हणजे आता जात वेगळी विचारायला नको!" त्याच्या मनात वाईट काही नसेल. परंतु दुसऱ्या वर्षाच्या अर्जावर मी टोल्याचे नाव लिहिले नाही. या वर्षी मात्र ते नाव पुन्हा माझ्यापुढे उभे राहिले आहे, आणि त्यामुळेच आपल्या भागातील गावांची नावे कशी पडली असावीत याचा मी थोडा विचार करू लागलो.

आपला भंडारा-गोंदिया भाग तलावांचा म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पण तलाव काही जिल्ह्याची सीमा पाहून बसलेले नाहीत. हे तलाव बहुतेक माणसांनीच बांधलेले आहेत, हे मात्र बाहेरच्या पाहुण्यांना सांगावे लागते. पाऊस इकडे भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून वाहून जातो. धानाला तर पाणी वेळेवर हवे. पऱ्हे लावले आणि पावसाने दडी मारली की सारे गेले. तेव्हा दोन टेकड्यांमधली उताराची जागा पाहायची, मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचे आणि पाळीखालच्या बांध्यांना ते पुरवायचे, ही इथल्या शेतीची रीत झाली. मोठा तो तलाव, लहान ती बोडी.

या कामात कोहळी समाजाचे नाव अग्रभागी घेतले जाते. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, अशी परंपरागत कथा आहे. तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन, असा गोंड राजांचा शिरस्ता सांगतात. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूरकडे कित्येक गावांच्या नावामागे आजही हा शब्द लागलेला दिसतो. राज्य गेले, राजे गेले, तो करार मात्र गावाच्या नावात शिल्लक आहे!

आता नवेगावबांधच घ्या. 'नवेगाव' म्हणजे नवे वसलेले गाव. अशी नवेगावे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कारण प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी जुने गाव सोडून नवे वसविले. मग हे नवेगाव कोणते? तर बांधाचे. हा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात आणि त्यांच्या साहाय्याने बांध टिकला, अशी श्रद्धा आहे. पुढे बांधणाऱ्यालाच लोकांनी 'कोलासूर' म्हणून देवपण दिले. १९७५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि गावाचे नाव दूरवर पोहोचले. परंतु नावातला 'बांध' हा शब्द उद्यानाहून कितीतरी जुना आहे.

'डोह' हाही असाच शब्द. नदीच्या पात्रात जेथे पाणी खोल आणि उन्हाळ्यातही टिकून राहते तो डोह. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या नावात तो ऐकू येतो. चूलबंद नदीचे नाव तर आपण इतक्या वेळा घेतो, की ते नाव आहे याचा विचारही करीत नाही.

जेथे पाणी नाही तेथे झाड नाव देते. आमगावात आंबा आहे, पिंपळगावात पिंपळ आहे. चिचगडात चिंच आहे. आणि तीही आपल्या बोलीतली 'चिच', पुस्तकातली चिंच नव्हे. प्रमाण भाषेने अनुस्वार दिला नाही, म्हणून नाव अशुद्ध ठरत नाही. ज्यांनी ते ठेवले त्यांच्या तोंडचे ते आहे.

एकाच नावाची दोन गावे झाली म्हणजे लोक कशी तोड काढतात, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या जिल्ह्यात दोन अर्जुनी आहेत आणि दोन्ही तालुक्याची गावे. एक मोरगावच्या शेजारची, म्हणून अर्जुनी-मोरगाव. दुसरी मोठ्या सडकेवरची, म्हणून सडक-अर्जुनी. एकीने शेजारणीचे नाव लावले, दुसरीने रस्त्याचे. इतरत्र हेच काम 'खुर्द' आणि 'बुद्रुक' करतात. हे फारसीतून आलेले शब्द. खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे मोठे.

नावाचा अर्थ सांगताना मात्र जपून राहावे लागते. गोंदिया हे नाव कोणी डिंकावरून, म्हणजे 'गोंद' वरून सांगतात, तर कोणी गोंड लोकांवरून. दोन्ही गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण ऐकायला बरे वाटणे हा पुरावा नव्हे. भंडाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात 'भाणार' असे नाव येते आणि ते भंडाऱ्याचे समजले जाते. त्याच लेखात लांजी आणि वैरागड यांचीही जुनी रूपे आहेत. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी हे नाव दगडावर कोरण्याइतके प्रतिष्ठित होते. 'भांडार' या शब्दावरून नावाचा अर्थ लावण्यापूर्वी हे जुने रूप पाहायला हवे.

नवी नावेही आपल्या डोळ्यांदेखत तयार होतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. कचेरीच्या कागदावर ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले, आणि मग आद्याक्षरांनी 'मामा तलाव'! नात्यातला मामा कोठला आणि हा मामा कोठला!

आता पुन्हा आमच्या टोल्याकडे येतो. मूळ गावातून फुटून काही घरे वेगळी वसली की तो टोला. आमचा टोला तलावाच्या पाळीलगत आहे आणि घरे ढिवरांची, म्हणून ढिवरटोला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार आमच्या ग्रामसभेत यंदा विषय निघाला. समतानगर, क्रांतीनगर अशी नावे सुचली. टोल्यातल्या तरुणांना बदल हवा आहे, आणि मलाही हवा आहे. प्रवेशाच्या रांगेतले ते हसणे मी विसरलेलो नाही. वस्तीच्या नावावरून माणसाची किंमत ठरते, तोवर अशी नावे जपा म्हणणे हे ज्यांना ती सोसावी लागत नाहीत त्यांनाच सोपे आहे.

पण त्या रात्री घरी आल्यावर आजी म्हणाली, "नाव बदलाले काई हरकत नाही बाबू. पन पाळीवर माती कोनं टाकली, थे कोठं लिवाचं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तळे बांधविणाऱ्याचे नाव राहते, क्वचित तो देवही होतो. टोपलीने माती वाहणाऱ्यांचे, गाळ काढणाऱ्यांचे, जाळे टाकून तलाव राखणाऱ्यांचे नाव कोठेच नसते. 'ढिवरटोला' हे नाव आम्हाला टोचत होते, आणि त्याच नावात आमची तेवढी एक नोंदही होती.

समतानगर हे नाव वाईट नाही. परंतु ते कोणत्याही गावाला शोभेल, आणि म्हणूनच त्यातून आमचे गाव दिसणार नाही. आमच्या टोल्याला लागून एक लहान बोडी आहे. जुनी माणसे तिला 'चिचबोडी' म्हणतात. सातबाऱ्यावर तिचा नुसता गट क्रमांक आहे. तेच नाव टोल्याला द्यावे, असे मी सुचविले आहे. माझा मित्र म्हणतो, "समता हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही, तो दारावर असू दे." त्याचेही खरे आहे. निर्णय टोल्यातल्या लोकांनी करावा आणि तो मी मानीन.

मात्र नाव कोणतेही ठरो, एक काम आपल्या हातचे आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी एक वही घेऊन आजीजवळ बसलो आणि आमच्या शिवारातील अकरा बोड्यांची नावे लिहून घेतली. त्यांपैकी चार बोड्या आज बुजल्या आहेत. त्यांची नावे फक्त तिलाच ठाऊक होती. आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या गावांहून विद्यार्थी येतात. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातील तलावांची आणि बोड्यांची नावे, आणि त्या कोणी खोदल्या हे आठवत असेल तर तेही, लिहून आणावे. वही मी ग्रंथालयात ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर, आजीने सांगितले तसे, टोल्याचे जुने नावही मी लिहून ठेवले आहे.