कूलरच्या घरघरीत ‘ओपन-बॅक’ हेडफोनची परीक्षा

अमरावती, (प्रतिनिधी) : राजकमल चौकातील किंवा अकोल्याच्या टिळक मार्गावरील दुकानात जाऊन हेडफोन मागितला, तर बहुधा काचेच्या कपाटातून ब्ल्यूटूथचे इअरबड्स बाहेर येतात. मोठ्या वाट्यांचा, वायर असलेला आणि पाठीला जाळी असलेला हेडफोन हवा आहे, असे सांगितल्यावर दुकानदार क्षणभर थांबतो आणि ‘ऑनलाइन पाहा’ असा सल्ला देतो. घरी निवांत बसून संगीत ऐकू इच्छिणाऱ्या वऱ्हाडातील रसिकाची खरी अडचण येथूनच सुरू होते. पाच ते दहा हजार रुपये मोजून घ्यायची ही वस्तू न ऐकताच मागवावी लागते, आणि तिच्याविषयीचे जे अभिप्राय वाचायला मिळतात ते बहुतेक अशा लोकांनी लिहिलेले असतात, ज्यांच्या घरात मे महिन्यात कूलर चालत नाही.

हा कूलर या विषयात मध्येच कोठून आला, हे समजण्यासाठी आधी या हेडफोनची रचना पाहावी लागेल. हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा असतो. तो पुढेमागे थरथरतो आणि आवाज निर्माण होतो. हा आवाज केवळ कानाकडे जात नाही, तितकाच तो पडद्याच्या मागच्या बाजूसही जातो. नेहमीच्या हेडफोनमध्ये वाटीची पाठ बंद असते. मागे गेलेला आवाज तेथे आपटून परत येतो, आत कोंडलेली हवा पडद्याला एखाद्या स्प्रिंगसारखी अडवते. ‘ओपन-बॅक’ प्रकारात पाठीला केवळ जाळी असते, त्यामुळे मागचा आवाज निघून जातो. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर डग्गा आणि खंजिरी यांचे देता येईल. डग्ग्याच्या भांड्यात हवा कोंडलेली असते व त्यातून त्याचा घुमारा येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातातील जी खंजिरी गुरुकुंज मोझरीपासून देशभर पोहोचली, ती एका बाजूने मोकळी असते आणि तिचा आवाज सुटा, स्वच्छ येतो. अर्थात वाद्यात घुमारा हवाच असतो. हेडफोनमध्ये मात्र तो गाण्यातला नसून डबीचा असतो, म्हणून नकोसा.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतील सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ हा पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा हेडफोन बाजारात आणला. जगातील पहिला ओपन-बॅक हेडफोन म्हणून तो ओळखला जातो आणि त्याचे एक कोटीहून अधिक नग विकले गेले. अमेरिकेतील कॉस कंपनीचा १९८४ सालचा ‘पोर्टा प्रो’ हा याच कुळातला, आकाराने लहान व किमतीने बेताचा. तो आजही त्याच रूपात विकला जातो. म्हणजे उत्तम उघडा हेडफोन श्रीमंतांसाठीच असतो, हा समज पूर्वीही खरा नव्हता.

या हेडफोनचे गुण सांगणारे सर्वजण एकच गोष्ट प्रथम सांगतात : आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, तो भोवती पसरतो. हे खरे आहे. परंतु कशावर ऐकता, यावर ते अवलंबून आहे. आपल्याकडील रसिकांच्या संग्रहातील मोठा भाग ‘मोनो’ ध्वनिमुद्रणांचा आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेले मूळ गीतरामायण, जुनी नाट्यपदे, जुनी भजने यांत डावे-उजवे असे काही नसतेच. दोन्ही कानांना एकच ध्वनी मिळतो आणि तो डोक्याच्या मध्यभागी उभा राहतो. हेडफोनची पाठ उघडी असो वा बंद, त्यात फरक पडत नाही. अशा संग्रहासाठी केवळ ‘विस्तारा’च्या नावाखाली जास्त पैसे मोजणे व्यर्थ होय. तेथे लाभ होतो तो वेगळाच, गायकाच्या आवाजातला डबीचा घुमारा जातो आणि शब्द मोकळे होतात. विस्तार अनुभवायचा असेल तर मैफलीचे स्टीरिओ ध्वनिमुद्रण लावून टाळ्या ऐकाव्यात. चांगल्या उघड्या हेडफोनवर टाळ्या सभागृहात पसरलेल्या वाटतात, सामान्य बंद हेडफोनवर त्या कानापाशीच पडतात.

उन्हाळ्याचे दोन महिने

आता वऱ्हाडचा प्रश्न. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. मे २०२० मध्ये तो ४७ अंशांवर पोहोचला होता. अशा दिवसांत रेक्झिनच्या गाद्यांचा बंद हेडफोन अर्धा तास कानांवर ठेवणे ही शिक्षाच असते. घाम येतो, गाद्या चिकटतात, चष्मा असल्यास दांड्या टोचतात. उघड्या हेडफोनमध्ये हवा खेळती राहते, गाद्याही पुष्कळदा कापडाच्या किंवा मखमलीच्या असतात. उष्णतेचा विचार केला तर वऱ्हाडसाठी हाच प्रकार योग्य, असे कोणीही म्हणेल.

परंतु त्याच दिवसांत खिडकीत कूलर सुरू असतो. ज्या जाळीतून आतला आवाज बाहेर जातो, तिच्यातूनच बाहेरचा आवाज आत येतो. शांत खोलीत रात्री आवाजाची पातळी साधारण ३०-३५ डेसिबल असते. मोठा कूलर पूर्ण वेगाने चालू असेल तर ती ६० च्या आसपास जाऊ शकते. ख्यालगायनातील हळुवार आलाप आणि तार सप्तकातील तान यांच्या आवाजात २०-२५ डेसिबलचे अंतर सहज असते. शांत खोलीत आलाप ४५ वर ऐकू आला, तर तान ७० वर जाईल. कानाला काहीच त्रास नाही. कूलरच्या खोलीत तोच आलाप ऐकू येण्यासाठी तो साठीच्या वर न्यावा लागतो, म्हणजे तान ८५ किंवा त्याहून पुढे पोहोचते. आपण आवाज वाढवला, हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण कूलर सुरू असताना तो मोठा वाटतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ व्यक्तीने सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, आणि ९० ला केवळ ४ तास उरतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी रोज दोन तास ऐकणारा मनुष्य ही मर्यादा नकळत ओलांडू शकतो. श्रवणशक्तीचे असे नुकसान भरून येत नाही. हेडफोनच्या गुणदोषांची चर्चा करताना हा मुद्दा बहुधा शेवटच्या ओळीत येतो. आमच्या मते वऱ्हाडच्या ग्राहकाने तो पहिल्या ओळीत ठेवावा.

प्रस्तुत प्रतिनिधीने घरी एक साधा प्रयोग करून पाहिला. कूलर बंद असताना तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण लावून, जवारीचा झंकार जेमतेम पुरेसा ऐकू येईल इतका आवाज ठेवला. नंतर आवाजाला हात न लावता कूलर सुरू केला. जवारी नाहीशी झाली, मागोमाग खर्जाची तार गेली, आणि उरला तो षड्जाचा अंधूक मध्य. हा प्रयोग कोणत्याही हेडफोनवर, अगदी मोबाइलसोबत मिळालेल्या इअरफोनवरही करता येतो आणि त्यास खर्च काहीच नाही. हेडफोनची किंमत ठरवण्यापूर्वी तो अवश्य करावा. कारण स्वस्त आणि महाग हेडफोनमधील फरक असतो तो नेमका याच सूक्ष्म जागांमध्ये, आणि कूलर त्यांनाच सर्वप्रथम गिळतो. आपले ऐकणे मुख्यतः दुपारी कूलरसमोर होणार असेल तर दहा हजारांचा उघडा हेडफोन घेण्यात अर्थ नाही. दोन-तीन हजारांचा पुरे. किंवा बंद पाठीचा घेऊन घाम सोसावा. बंद हेडफोन वरच्या पट्टीतला आवाज बराच अडवतो, पंख्याची खोल घरघर मात्र त्यालाही फारशी अडत नाही. ऐकणे रात्री दहानंतर, हिवाळ्यात, पावसाळ्यात होत असेल तर मात्र गोष्ट निराळी.

ऐकताना काय पाहावे?

खोक्यावर छापलेल्या ‘१५ ते २५,००० हर्ट्झ’ यांसारख्या आकड्यांकडे दुर्लक्ष करावे. मनुष्याला फार तर २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. शिवाय त्या टोकांना आवाज किती क्षीण होतो, हे खोक्यावर लिहिलेले नसते.

त्याऐवजी तीन गोष्टी ऐकाव्यात. पहिली खर्ज. उघड्या हेडफोनचे हे दुर्बळ अंग आहे, पाठ मोकळी असल्याने सर्वांत खालचे स्वर विरळ होतात. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. ती वेगळी ओळखू येते की तिची नुसती चाहूल लागते, हे पाहावे. दुसरी गोष्ट मधल्या पट्टीतला मानवी आवाज, जेथे बहुतेक चांगले उघडे हेडफोन सरस ठरतात. आणि तिसरी, मराठी श्रोत्याला विशेष उपयोगी पडणारी, ‘च’ची परीक्षा. ‘चंद्र’ आणि ‘चांदणे’ या शब्दांतील ‘च’ आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो. दुसरा दंततालव्य ‘च’ आणि ‘स’ यांची धार साधारण चार हजार हर्ट्झच्या वर असते. स्वस्त हेडफोनमध्ये याच भागात कृत्रिम उठाव असतो, आणि मग प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचतो. अमरावतीचे सुपुत्र सुरेश भट यांच्या, हृदयनाथ मंगेशकरांनी संगीतबद्ध केलेल्या आणि लता व आशा यांनी गायलेल्या रचना या परीक्षेला उत्तम. शब्द स्पष्ट कळावेत, पण टोचू नयेत. खंजिरीच्या झांजांनाही हाच नियम लागू.

दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवणे आवश्यक आहे. किंचित मोठा वाजणारा हेडफोन प्रत्येकाला चांगला वाटतो, आणि या भ्रमावर पुष्कळ विक्री होते.

आता ओहमचा घोळ. ‘जास्त ओहमचा हेडफोन मोबाइलवर वाजत नाही’ असे सरसकट सांगितले जाते. वस्तुतः ओहमसोबत संवेदनशीलताही पाहावी लागते, आणि तीही कंपन्या वेगवेगळ्या मापात देतात. कोणी प्रति मिलिवॉट, कोणी प्रति व्होल्ट. एकेजी कंपनीचा ‘के २४० स्टुडिओ’ ५५ ओहमचा आहे आणि एका व्होल्टला १०४ डेसिबल देतो. सेनहायझरचा २०२० मधील ‘एचडी ५६० एस’ १२० ओहमचा असूनही एका व्होल्टला ११० डेसिबल देतो. म्हणजे ओहम दुपटीहून अधिक आणि आवाजही अधिक. २०१६ मध्ये आयफोन ७ ने हेडफोनचे छिद्र काढून टाकले आणि पुढे इतरांनीही तोच कित्ता गिरवला. त्यामुळे आज अनेकांना टाइप-सीचे छोटे डोंगल घ्यावे लागते. एक व्होल्टच्या आसपास देणारे साधे डोंगल वरील दोन्ही हेडफोनना घरगुती ऐकण्यासाठी पुरेसे आहे. ‘अॅम्प्लिफायर घेतलाच पाहिजे’ हा आग्रह या किमतीच्या हेडफोनसाठी तरी अनाठायी वाटतो.

नावे घ्यायचीच तर सुपरलक्सचा ‘एचडी ६८१’ हा अर्धवट उघडा हेडफोन स्वस्ताईसाठी प्रसिद्ध आहे, मात्र त्याची वरची पट्टी तीक्ष्ण आहे. वर सांगितलेल्या ‘च’च्या परीक्षेत तो अडखळतो. ‘के २४०’ हाही अर्धवट उघडाच, पण अधिक सौम्य, आणि त्याची वायर व गाद्या बदलता येतात. फिलिप्सचा ‘एसएचपी ९५००’ पूर्ण उघडा, ३२ ओहमचा आणि कापडी गाद्यांचा असल्याने उन्हाळ्यात सुखकर आहे; त्याच्या गाद्या मात्र सहजी बदलता येत नाहीत. ‘एचडी ५६० एस’ या सर्वांत संतुलित, पण तो बहुधा दहा हजारांच्या मर्यादेत बसत नाही. ‘पोर्टा प्रो’ कानावर नुसता टेकतो, वजन नगण्य, आणि कूलरच्या खोलीसाठी आमचा कौल त्यालाच आहे.

एक गोष्ट घरच्यांच्या बाजूने. उघडा हेडफोन शेजारी बसलेल्याला चांगलाच ऐकू येतो. अमरावती-मुंबई एक्स्प्रेसच्या डब्यात किंवा दोघांच्या भाड्याच्या खोलीत, जेथे दुसरा विद्यार्थी अभ्यासाला बसला आहे, तेथे तो उपयोगाचा नाही. उलट घरात त्याचा फायदा असा की कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात आणि आतल्या खोलीतून आजोबांनी मारलेली हाक ऐकू येते.

ऑनलाइन खरेदी करण्यापूर्वी परत करण्याची मुदत आणि अटी पाहून घ्याव्यात. ही मुदत थोड्याच दिवसांची असते आणि काही ठिकाणी केवळ बिघाड असल्यासच वस्तू बदलून मिळते. मेमध्ये मागवल्यास साऱ्या मुदतीत परीक्षा कूलरसमोरच होईल. म्हणून शक्य असल्यास खरेदी पावसाळ्यानंतर करावी, आणि पहिल्या दोन रात्री पंखाही बंद ठेवून ऐकावे. स्पंजच्या गाद्या आपल्याकडच्या उन्हाने व घामाने काही वर्षांत भुगा होऊन झडतात. त्या स्वतंत्र मिळतात की नाही, हे हेडफोन मागवण्याच्या दिवशीच पाहून ठेवावे आणि मिळत असल्यास एक जोडी सोबतच मागवावी.