मुलांच्या हाती तराजू द्या

रेशन दुकानाच्या रांगेत, कापसाच्या शेतात बांधावर, बाजार समितीच्या ओट्यावर आणि उसाच्या फडात एक गोष्ट सारखीच असते. तेथे वजन होते, आणि ज्याचे पोट त्या वजनावर अवलंबून असते त्याच्या हाती ते वजन नसते. काटा दुसऱ्याचा, आकडा दुसऱ्याने वाचलेला, वहीही दुसऱ्याचीच. आपण फक्त पोते पुढे करतो आणि "बरोबर आहे ना?" असे विचारतो. समोरचा "हो" म्हणतो. आपला व्यवहार तेथेच संपतो.

आपली मुले आता शाळेत जातात. किलो, हेक्टो, डेका, ग्रॅम, डेसी, सेंटी, मिली हा तक्ता ती घडाघडा म्हणून दाखवतात. परंतु त्यांना "पावणेदोन किलो म्हणजे किती ग्रॅम?" असे विचारले की वर्ग गप्प होतो. रविवारी विहारात मुले जमतात तेव्हा आम्ही त्यांना विचारतो, "एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?" निम्मी मुले मोठ्याने "लोखंड!" म्हणतात. आमचा परभणी जिल्हा कापसाचा. ज्या मुलांच्या आया दिवसभर वाकून किलोच्या भावाने कापूस वेचतात, त्या मुलांनी असे उत्तर द्यावे, याचा दोष मुलांना देता येत नाही. आपण त्यांच्या हाती कधी तराजूच दिला नाही.

माप कोणाच्या हाती होते?

जुन्या गावगाड्यात आपल्या वाडवडिलांना बलुते मिळे ते खळ्यावर. ते किती मिळायचे हे देणारा ठरवी आणि मापही त्याच्याच हाती असे. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे खरे तर वजनाची नव्हेत, आकारमानाची. शीग लावून भरले तर धान्य जास्त आणि काठाबरोबर हात फिरवला तर कमी. घेताना शीग आणि देताना सपाट, असा खेळ त्यात सहज करता येई. शिवाय मण आणि खंडी यांचा हिशेब मुलखामुलखाला वेगळा. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते त्याने तक्रार कोणत्या आधारावर करावी?

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हिशेब एकदा नव्हे, तीनदा नव्याने शिकावा लागला. आधी हाली सिक्का जाऊन सर्वत्र भारताचा रुपया आला. नंतर १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ वजनेही बदलली. १९५६ साली संसदेने वजनमापांचा कायदा केला, ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून किलो-ग्रॅम सक्तीचे झाले. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलोचे पैसे देऊन ज्याच्या पदरात शेरभर माल पडला, त्याचे प्रत्येक वेळी ६७ ग्रॅम गेले. पंधरा वेळा असे घडले की एक किलो गेला!

किलोचे मोठे गुण दोन. तो परभणीत जेवढा तेवढाच मुंबईत आणि तेवढाच जपानमध्ये. आणि त्याचा सगळा हिशेब दहाच्या पटीत चालतो. पूर्वी त्याचे मूळ प्रमाण म्हणून पॅरिसजवळ धातूचा एक ठोकळा जपून ठेवलेला होता. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या ठोकळ्यावर नव्हे तर निसर्गातील एका न बदलणाऱ्या स्थिरांकावर केली जाते. पाटलाचा किलो मोठा आणि मजुराचा किलो लहान असे होऊ शकत नाही. माप सर्वांना सारखे, ही समतेचीच गोष्ट आहे असे आम्ही मानतो.

धम्म काय सांगतो?

तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी या प्रश्नाची दखल घेतली होती. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ज्या गोष्टींपासून दूर राहावे असे सांगितले आहे, त्यांत तुलाकूट, कंसकूट आणि मानकूट हे शब्द येतात. तुलाकूट म्हणजे खोट्या तराजूने फसवणे, कंसकूट म्हणजे खोट्या धातूने फसवणे आणि मानकूट म्हणजे खोट्या मापाने फसवणे. आपण रोज पंचशील घेतो, त्यातील दुसरे शील न दिलेले न घेण्याचे. खोट्या काट्याने घेतलेले पन्नास ग्रॅमही न दिलेलेच होय. म्हणून आपल्यापैकी जो भाजीची गाडी लावतो, किराणा विकतो, त्याचा काटा सर्वांत आधी चोख हवा. आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्याला तो ओळखता यायला हवा. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे पंडित. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुयायांच्या घरात हिशेबाची भीती असता कामा नये.

चार पायऱ्या

मुलांना लांबलचक तक्त्याऐवजी आधी व्यवहारातल्या पायऱ्या द्याव्यात. १००० मिलिग्रॅम म्हणजे १ ग्रॅम. १००० ग्रॅम म्हणजे १ किलो. १०० किलो म्हणजे १ क्विंटल. १० क्विंटल म्हणजे १ टन. मोठ्यातून लहानाकडे जाताना गुणायचे, लहानातून मोठ्याकडे जाताना भागायचे. एवढे पक्के झाले की गोळीच्या पाकिटापासून साखर कारखान्याच्या काट्यापर्यंत सर्व हिशेब उलगडतो.

यानंतर घरातल्या माउलीला मास्तर करावे. पाव, आदपाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे सारे तिला तोंडपाठ असते. ती बोलेल, मुलाने लिहावे. आदपाव १२५ ग्रॅम, पाव २५०, अर्धा ५००, पाऊण ७५०, सव्वा किलो १२५०, दीड १५००, पावणेदोन १७५०, अडीच २५००. आई शाळेत गेली नसेल तरी ती या विषयात अडाणी नाही, हेही मुलांना त्यातून कळते.

खरी गफलत होते ती टिंबापाशी. इलेक्ट्रॉनिक काट्यावर १.०५० आले की तो एक किलो पन्नास ग्रॅम. मूल पुष्कळदा एक किलो पन्नास ग्रॅम हे १.५० असे लिहिते, आणि तो होतो दीड किलो! फरक ४५० ग्रॅमचा. तूरडाळ १२० रुपये किलो धरली तर ५४ रुपयांचा. म्हणून एक नियम घालून द्यावा: किलोत लिहिताना टिंबानंतर तीन घरे भरायचीच. पाच ग्रॅम ०.००५, पन्नास ग्रॅम ०.०५०, पाचशे ग्रॅम ०.५००.

घरचा तराजू

कपडे अडकवायचा एक हँगर, डब्यांची दोन सारखी झाकणे आणि सुतळी एवढ्यात तराजू तयार होतो. वजनासाठी पाणी घ्यावे. एक लिटर पाणी जवळपास एक किलो भरते, म्हणून १०० मिलिलिटर पाणी १०० ग्रॅम. औषधाच्या बाटलीच्या मापाने १० मिलिलिटर मोजले तर ते १० ग्रॅम. पाणी ज्या बाटलीत भरले तशीच रिकामी बाटली दुसऱ्या पारड्यात ठेवावी, म्हणजे भांड्याचे वजन वजा होते. पुढे वाळूच्या पिशव्या भरून ५००, २००, २०० आणि १०० ग्रॅमची चार वजने करावीत. मग मुलांना कोडे घालावे: या चारांनी १०० पासून १००० पर्यंत प्रत्येक शंभराचे वजन करून दाखवा. तीनशे म्हणजे दोनशे आणि शंभर, नऊशे म्हणजे पाचशे आणि दोन दोनशे. दुकानातही पाच-दोन-दोन-एक अशी वजने का ठेवतात ते मुलांना आपोआप समजते. ही घरची वजने अर्थात शिकण्यापुरतीच. खरेदी-विक्रीत दगड किंवा घरची वजने वापरणे कायद्याने चालत नाही.

आणखी एक खूण शिकवावी. रिकामी पारडी सरळ दिसली तरी तेवढे पुरेसे नाही. दांडीची एक बाजू आखूड असू शकते. माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करून पाहावीत. काटा खरा असेल तर दोन्ही वेळा सारखेच भरेल.

भाव ताडून पाहणे

वजन कळले की भाव कळतो. समजा, कपडे धुण्याच्या पावडरीची ५० ग्रॅमची पुडी १० रुपयांना आहे आणि किलोची पिशवी १२० ला. पुडीच्या भावाने किलो २०० रुपयांना पडला. गरीब माणूस पुडी घेतो ती मूर्खपणाने नव्हे. रोजाची मजुरी रोज हातात येते म्हणून. परंतु वस्तीतील चार घरांनी मिळून पाच किलोची पिशवी आणली आणि घरच्या काट्यावर प्रत्येकी १.२५० किलो वाटून घेतली, तर तो जादा पैसा घरातच राहील. बचत गटाच्या भगिनींनी हे मनावर घ्यावे. पाकिटावर छापलेले निव्वळ वजन आणि एका ग्रॅमची किंवा किलोची किंमत मुलांकडून वाचून घ्यावी. तेलाच्या बाबतीत विशेष सावध असावे. एक लिटर खाद्यतेल एक किलो नसते, सुमारे ९१० ग्रॅम असते. पंधरा लिटरचा डबा साधारण १३.६५० किलोचा. पंधरा किलोच्या डब्याशी त्याचा भाव ताडताना हे विसरू नये.

आपला वाटा

अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे घर असेल तर २५ किलो. दर पाच किलोमागे २०० ग्रॅम कमी आले तर महिन्याला एक किलो गेला, वर्षाला बारा किलो. म्हणजे एका माणसाचे दोन महिन्यांहून अधिक धान्य! फुकटचे आहे म्हणून कमी घ्यावे असे नाही; तो हक्क आहे. पोते पिठाच्या गिरणीत पुन्हा जोखावे, पावतीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा मुलाने शेजारी शेजारी लिहावा.

कापूस वेचणीचेही तसेच. समजा, भाव किलोला दहा रुपये आणि वेचला ४२.६०० किलो. "चाळीस धरा" म्हटले की २६ रुपये गेले, आणि वीस दिवसांत ५२० रुपये. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि वजाबाकी या तीन ओळी स्वतःच्या वहीत ठेवाव्यात. १९.४८० टनांतून ६.२३० टन गेले, उरले १३.२५०. म्हणजे तेरा टन अडीचशे किलो, पंचवीस किलो नव्हे.

शाळेच्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. चाळीस लहान मुले जेवणार असतील तर चार किलो तांदूळ शिजले पाहिजेत. हे गणित त्या चाळीस मुलांनाच घालावे!

आरोग्यातही ग्रॅमला मोल आहे. जन्मतः २.५०० किलोहून कमी भरलेल्या बाळाला जास्त जपावे लागते. निरोगी बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. अंगणवाडीत वजन झाले की मोठ्या बहिणीने ते वहीत लिहावे आणि मागच्या महिन्याशी ताडावे. वजन वाढत नसेल तर दवाखाना गाठावा. लहान मुलाचे औषध त्याच्या वजनावरून ठरते, म्हणून मोठ्यांची ५०० मिलिग्रॅमची गोळी अंदाजाने मोडून त्याला देऊ नये.

भांडण नको, आकडा हवा

वैध मापन कायदा २००९ सालचा आहे. दुकानदाराला साध्या तराजूची आणि वजनांची दर २४ महिन्यांनी व इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी तपासणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. लोखंडी वजनाच्या बुडाशी शिशावर तो शिक्का असतो. वजन सुरू होण्याआधी काटा शून्यावर आहे का आणि भांडे वजा केले का, हे विचारायचा प्रत्येक गिऱ्हाइकाला अधिकार आहे. शंका राहिली तर वजनमापे खात्याकडे किंवा ग्राहकांच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. "तुम्ही फसवता" असे ओरडले की भांडण होते आणि आपणच गप्प बसवले जातो. "मी घरी जोखले, २४.१५० भरले, ८५० ग्रॅम कमी आहेत" असे तारखेसह लिहून दिले की समोरच्याला उत्तर द्यावे लागते.

आमची विनंती एवढीच की प्रत्येक विहारात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक शिक्क्याचा तराजू आणि वजनांचा एक संच असावा. वर्गणी काढली तर हा खर्च जयंतीच्या एका कमानीहून फार जास्त नाही. रविवारी वंदना झाली की अर्धा तास मुलांनी जोखावे, लिहावे, ताडावे. वस्तीतल्या कोणालाही आपले धान्य तेथे आणून पुन्हा मोजता यावे, आणि मोजून देणारी आपलीच दहा वर्षांची मुलगी असावी.

जयभीम!