वार्धक्यांतील विस्मरण आणि ऑलिव्ह तेल

नाशिकजवळच्या देवळालीनें इंग्रजी भाषेला एक चमत्कारिक शब्द दिला आहे. ‘डूलॅली’ म्हणजे डोकें ठिकाणावर नसलेला. मायदेशीं परतणारे गोरे शिपाई येथल्या छावणींत जहाजाची वाट पाहत पडून राहत. उन्हानें, तापानें व रिकामपणानें त्यांतले कांहीं भ्रमिष्ट होत. मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता, व त्यांतला ‘टॅप’ म्हणजे दुसरें कांहीं नसून ताप!

याच देवळाली कॅम्पांत कोरड्या हवेसाठीं पारशी, गुजराथी आदि समाजांनीं आरोग्यभुवनें बांधलीं, आणि मुंबईची वृद्ध मंडळी हवापालटासाठीं तेथें येऊं लागली. वृद्ध माणूस चष्मा कोठें ठेवला तें विसरतो, ओळखीचें नांव त्याच्या ओठांवर येऊन अडतें, एकच हकीकत तो दोनदां सांगतो; पण स्वतःचा व्यवहार स्वतः पाहूं शकतो. अशा सौम्य विस्मरणावर आतां ऑलिव्ह तेलाचें नांव घेतलें जातें. मुलगा एक महागडी बाटली आणून देतो आणि घरच्यांची सारी आशा त्या बाटलींत सांठते. ती कितपत साधार आहे?

तिचा उगम स्पेन देशांत आहे. बार्सिलोना येथें ४४७ प्रौढ व वृद्ध माणसांवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटाला भाज्या, फळें, कडधान्यें व मासे यांच्या आहाराबरोबर घरटीं आठवड्याला एक लिटर अस्सल ऑलिव्ह तेल मिळे. दुसऱ्याला त्याच आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदामादि मेवा. तिसऱ्याला केवळ स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला. सुमारें चार वर्षांनीं तिसरा गट बुद्धिचाचण्यांत घसरला होता. पहिले दोन घसरले नाहींत, कांहीं बाबतींत सुधारलेहि. मात्र हीं माणसें आरंभीं स्मृतीनें धडधाकट होतीं. गेलेली स्मृति तेलानें परत येते, असें यावरून ठरत नाहीं. शिवाय अमेरिकेंत ६०४ वृद्धांवर तीन वर्षें चाललेल्या अशाच आहारप्रयोगाचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. नवा आहार घेणारे आणि नेहमींचेंच अन्न थोडें कमी खाणारे यांच्या बुद्धींत लक्षणीय फरक आढळला नाहीं.

तेल औषधासारखें चमच्यानें पिण्यांत तर कांहींच स्वारस्य नाहीं. मोठ्या चमचाभर तेलांत सुमारें १२० कॅलरी असतात. तें वनस्पति तुपाच्या जागीं आलें तर हृदयाला व रक्तवाहिन्यांना उपयोगी, वरून ओतलें तर केवळ मेद. ऑलिव्हमध्यें प्रधान असलेलें ओलेइक आम्ल मराठी घरांतल्या शेंगदाण्याच्या तेलांतहि भरपूर असतें.

खरी चिंतेची गोष्ट निराळीच आहे. पुण्यांतील २०४ स्त्रीपुरुषांच्या रक्ततपासणीचें संशोधन २००१ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत ४७ टक्क्यांच्या रक्तांत ‘ब-१२’ जीवनसत्त्व अपुरें आढळलें. आणि त्यांतलें एकहि माणूस साठीचें नव्हतें. हें जीवनसत्त्व दूध, अंडीं, मासे व मांस यांत असतें, भाजींत नसतें. ऑलिव्ह तेलांतहि नसतें. मधुमेहावरील मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षें घेणाऱ्यांतहि तें कमी होऊं शकतें. त्याच्या अभावानें विस्मरण होतें, पायांना मुंग्या येतात, चालतांना तोल जातो, आणि घरचीं माणसें ‘वय झालें’ म्हणून स्वस्थ बसतात. वेळींच गोळ्या किंवा इंजेक्शनें मिळालीं तर पुष्कळदां सुधारणा होते. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानि कायमची राहते. थायरॉइड ग्रंथीच्या मंदपणामुळेंहि असेंच विस्मरण होतें, व तोहि साध्या रक्ततपासणींत कळतो.