सातपुड्याच्या पायथ्याला सायकल

चोपडा तालुक्याच्या दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा. अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यापर्यंत साधी सायकलही पोहोचते. डोंगरातल्या दगडगोट्यांच्या वाटांना मात्र डोंगरी सायकल बरी. हवा जरा कमी ठेवली की तिचे जाड, खाचांचे टायर खडीवर पकड धरतात. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हौशी पोरांनी जुन्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळत हा खेळ घडवला. 1996 साली तो ऑलिंपिकमध्ये आला. इकडे पावसाळ्यात काळी माती चाकांना लिंपून सायकल जागीच अडवते, तर मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो. म्हणून दिवाळी ते होळी हाच खरा हंगाम. महागडी सायकल हवीच असे नाही. चांगले ब्रेक, हेल्मेट, पंक्चरचे सामान आणि भरपूर पाणी एवढे पुरे. राखीव जंगलात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी तेवढी घ्यावी.